हरकतरावांचं कार्ड

सोमवार, ६ जानेवारी

साहेबांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं, तेव्हाच वाटलं काहीतरी शिजलंय. झालं असं, की खालच्या प्रिंटरच्या ट्रेमध्ये एका दाव्याचे कागद पडून राहिले. आजाराचं नाव, रिपोर्ट, पत्ता, सगळं उघडं. एका एजंटाने ते सहज उचलून वाचले आणि जाऊन त्या माणसाच्या घरमालकाच्या कानावर घातलं. घरमालकाने त्याला खोली सोडायला सांगितली. तो माणूस आज आला होता. भांडला नाही, ओरडला नाही. नुसता खुर्चीत बसून विचारत होता, "माझा कागद होता ना तो? मग त्याच्याकडे कसा गेला?"

आपली कंपनी विम्याची. लोक सख्ख्या भावाला सांगत नाहीत ते आपल्याला लिहून देतात, आणि आपण ते ट्रेमध्ये टाकून चहाला जातो.

मी साहेबांना म्हटलं, कार्डावर चालणारी मशिनं घेऊ. कॉम्प्युटरवरून प्रिंट दिलं तरी कागद लगेच बाहेर येणार नाही. माणसाने मशीनपाशी जायचं, आपलं कार्ड टेकवायचं, चार आकडे दाबायचे, तेव्हा त्याचेच कागद त्याच्याच समोर पडणार. साहेब म्हणाले, "करा. पण सगळं तुमच्या अंगावर." संगणक विभाग म्हणजे मी एकटीच, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकणार होते देव जाणे. पण खरं सांगू, मला आनंद झाला. इतकी वर्षं लोकांचे माऊस आणि पासवर्ड शोधून देण्यात गेली. हे पहिलं काम माझं म्हणावं असं.

घरी ह्यांना सांगितलं. ह्यांचं चष्म्याचं दुकान, त्यामुळे प्रत्येक गोष्ट काचेतून बघायची सवय. म्हणाले, "कार्ड माणसाला ओळखतं की माणूस कार्डाला?" मी म्हटलं, जेवा.

बुधवार, १५ जानेवारी

टेबलांवरचे छोटे प्रिंटर आज उचलले. आता सगळ्यांना मिळून दोन मोठी मशिनं. एक खाली रिसेप्शनपाशी, एक वर साहेबांच्या केबिनबाहेर. मधला मजला दावे विभागाचा. तिथे गेले आणि हरकतरावांशी गाठ पडली.

यांचं खरं नाव हजेरीपुरतं. ऑफिसात सगळे हरकतरावच म्हणतात. पंखा लावला तरी हरकत, बंद केला तरी हरकत. दावे विभागातले सर्वांत जुने अधिकारी. गुडघे गेलेत, काठी घेऊन सकाळी एकदा जिना चढतात आणि संध्याकाळी एकदा उतरतात. मधल्या वेळात जागेवरून हलत नाहीत. त्यांच्या कोपराशी एक जुनाट प्रिंटर होता, खोकल्यासारखा आवाज करणारा.

"हे कुठे नेताय?"

"गोदामात. आता खाली नाहीतर वर जाऊन कागद घ्यायचे."

"आणि मी मधे लोंबकळतोय त्याचं काय? कागदाला शिट्टी मारून बोलावू?"

"तुमचे कागद तुमच्याच हातात राहावेत म्हणून आहे हे."

"माझे पाय माझ्या हातात नाहीत, बाई. त्याची काही सोय?"

मजल्यावरचे सगळे हसले. मला राग आला. मी म्हटलं, स्क्रीनवर वाचायची सवय करा, सगळेच करतात. ते म्हणाले, "स्क्रीनच्या समासात हरकत लिहिता येत नाही." यांचा हा नाद सर्वांना ठाऊक. मुख्य कार्यालयातून आलेलं प्रत्येक परिपत्रक छापायचं, कडेला बारीक अक्षरात हरकती लिहायच्या आणि परत पाठवायचं. तिकडे कोण वाचतं कुणास ठाऊक.

एकालाच सवलत दिली की दहा जण रांगेत उभे राहतात. प्रिंटर मी उचलायला लावला. नियम म्हणजे नियम.

सोमवार, २७ जानेवारी

कार्डं वाटली. छोटी दिवसभर माझ्याबरोबर होती. छोटी म्हणजे आमची रिसेप्शनवरची मुलगी. ऑफिसात वयाने सर्वांत लहान, म्हणून छोटी. मला ताई म्हणते आणि खरोखर धाकट्या बहिणीसारखी वागते. फोटो काढणं, फिती ओवणं, सगळं तिने केलं.

"ताई, या मशीनला कसं कळतं मीच आहे ते?"

"तुझं कार्ड आणि तुझे आकडे. दोन्ही जुळले की ते मानतं. आणि लिहूनही ठेवतं, कुणी, कधी, काय छापलं."

"म्हणजे अगदी आईसारखं," ती म्हणाली. हसले मी.

बिचारीच्या मागे केवढा व्याप. मोठा भाऊ दगड घासण्याच्या कारखान्यात होता. फुफ्फुसात धूळ बसली. आता अंथरुणाला खिळलाय. वहिनी, दोन लहान भाचरं. भावाचा दावा आपल्याच कंपनीत आहे आणि फाईल कुणाकडे? हरकतरावांकडे. महिनोन्‌महिने "कागदपत्रे अपूर्ण". एवढं जवळ बसून पोरीला काही करता येत नाही. मागच्या आठवड्यात तिने जिन्यात त्यांना विचारलं, तर सर्वांसमोर खेकसले, "ऑफिसात ओळख दाखवायची नाही. कागद येतील तेव्हा बघू." नाग बसावा तसे बसलेत फाईलवर.

त्यांना कार्ड द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, "उद्या खोकायलासुद्धा कार्ड लावा." मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि निघाले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नाकी नऊ आले. निम्म्या लोकांनी आकडे म्हणून जन्मसाल ठेवलंय. एकाने कार्डाच्या पाठीवरच आकडे लिहिलेत, वर चौकट काढून. हिशेब विभागातले चौघे एकच कार्ड फिरवतात. "तू खाली चाललायसच, तर माझंही घेऊन ये." साहेबांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांचे आकडे काढून टाकायला सांगितले. काढले. साहेबांना कोण सांगणार?

पत्रक लावलं : कार्ड कुणालाही देऊ नये. दिल्यास जबाबदारी कार्डधारकाची. खाली माझी सही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज एक चांगली गोष्ट केली. प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात तारीख, वेळ आणि मशीनचा क्रमांक आपोआप छापला जाईल असं केलं. झेरॉक्स काढली तरी तिच्यावर उमटतो. कुठलाही कागद कुठेही सापडू दे, त्याचं मूळ कळणार. साहेब म्हणाले, "डोकं चालतं तुमचं." कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की लोक पळवाटा काढतात.

दुपारी जिन्यात छोटी भेटली, हातात कागदांचा गठ्ठा.

"कुणाचे गं?"

"हरकतरावांचे. खाली राहिले होते, नेऊन देते."

जो माणूस हिला चारचौघांत झिडकारतो, त्याचेच कागद ही जिना चढून पोचवते. सोन्याचं मन आहे. मी म्हटलं, तो विसरतो तर राहू दे, शिकेल. ती म्हणाली, "जाऊ दे ना ताई, त्यांचे गुडघे दुखतात."

सोमवार, २४ फेब्रुवारी

छोटीचा चेहरा उतरलेला. भावाला आता घरी ऑक्सिजन लावलाय. तो तिला विचारतो म्हणे, "तुमच्या ऑफिसात काय म्हणतात?" आणि ही रोज म्हणते, झालंच आहे, सहीच बाकी. मी तिला म्हटलं, धीर धर. दुसरं काय म्हणणार?

सोमवार, ३ मार्च

आकाश कोसळलं.

सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर आमच्या मुख्य कार्यालयाच्या एका गोपनीय सूचनेचा फोटो. मी उभ्यानेच वाचलं. धुळीच्या आजाराचे दावे "कागदपत्रे अपूर्ण" या शेऱ्याखाली शक्य तितके लांबवावेत. दावेदार मयत झाल्यास मूळ दावा बंद करून वारसांकडून नव्याने अर्ज घ्यावा. एवढंच, दोन वाक्यं. खाली मोठ्या माणसाची सही.

मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, हे लिहिणारा माणूस जेवतो कसा? दुसऱ्यांदा वाचताना नजर तळाशी गेली. तारीख, वेळ, मशीन क्रमांक एक. माझी अक्षरं. पेपरात छापून आलेली माझी बारीक अक्षरं.

खरं लिहायचं तर त्या क्षणी मला अभिमान वाटला. नंतर लाज वाटली, पण आधी अभिमानच.

साहेब पांढरेफटक पडले होते. "वरून फोनवर फोन येतायत. सूचना खरी की खोटी ते सोडा. बाहेर कशी गेली ते सांगा."

बुधवार, ५ मार्च

सापडलं. नोंद अगदी स्वच्छ आहे. सूचना मधल्या मजल्यावरच्या एका कॉम्प्युटरवरून छापायला दिली, ऐन दुपारी खालच्या मशीनवर कार्ड लावून काढली, आणि लगेच त्याच कार्डावर त्या एका पानाची झेरॉक्स. पेपरातली तीच. कार्ड हरकतरावांचं. आकडे हरकतरावांचे.

मला आश्चर्य वाटलं नाही. जो माणूस पहिल्या दिवसापासून या व्यवस्थेला पाण्यात पाहतो, तो आणखी काय करणार? आणि ढोंग तरी केवढं! स्वतःच फाइली दाबून बसायचं आणि वर पेपरवाल्यांकडे जाऊन साळसूदपणा करायचा.

साहेबांकडे जाण्याआधी छोटीपाशी थांबले. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना. नाव नाही सांगितलं, फक्त म्हटलं, सापडला.

"झेरॉक्स काढली तरी कळतं, ताई?"

"सगळं कळतं. पानावरच छापलेलं असतं, बारीक."

रंगच उडाला तिचा. भावाची जाग्रणं, पोरगी किती थकलीये. मी तिला पाणी दिलं आणि वर गेले.

शुक्रवार, ७ मार्च

चौकशी झाली. साहेब, वरून आलेले एक अधिकारी आणि नोंदी समजावून द्यायला मी. हरकतराव काठी टेकत आले, बसायला वेळ लागला. मी तयारीत होते. ते आरडाओरडा करतील, मशीनला नावं ठेवतील, मला खोटं पाडतील. सगळ्या उत्तरांची जुळवाजुळव करून ठेवली होती.

वरच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे कार्ड तुमचं?"

"माझं."

"आकडे आणखी कुणाला माहीत आहेत?"

"नाहीत."

"कार्ड कुणाला दिलं होतं?"

तेवढ्यात छोटी पाणी घेऊन आत आली. ट्रे हातातच धरून ती एकदम म्हणाली, "साहेब, मला जरा—"

"पाणी ठेव आणि चालू लाग," हरकतराव कडाडले. "मोठी माणसं बोलत असताना तोंड घालायचं नाही. अक्कल नाही? जा!"

पोरगी रडतच बाहेर गेली. मला वाटलं उठून त्यांना काहीतरी बोलावं. नोकरी जायची वेळ आलीये तरी मग्रुरी कमी नाही.

मग ते शांतपणे म्हणाले, "कार्ड कुणाला दिलं नव्हतं. छापलं मी, झेरॉक्स काढली मी, पोचवली मी. आणखी काही?"

"का?"

"वाचलंत ना तुम्ही ते? मग मला का विचारता?"

बस. एवढंच. साऱ्या जगाला हरकत घेणारा माणूस, आणि आज एका प्रश्नाला हरकत नाही. नोंदींचे कागद मी पुढे केले, तेही त्यांनी बघितले नाहीत.

जाताना साहेबांनी माझी पाठ थोपटली. व्यवस्था चोख ठरली म्हणाले. मग मला आनंद का होत नाहीये?

बुधवार, १२ मार्च

हरकतरावांना काढलं. निवृत्तीचं सगळं रोखून ठेवलंय. त्यांचं कार्ड बंद करायचं काम माझ्याकडे आलं. एक खूण काढायची, झालं. ते खोकं हातात घेऊन जिना उतरले, एका हातात काठी. दोघा-तिघांनी हात पुढे केला, तर म्हणाले, "माझं ओझं मला पेलतं." छोटी जागेवर नव्हती. दुपारी बाथरूममधून आली, डोळे सुजलेले. मी म्हटलं, जो तुला एवढं बोलला त्याच्यासाठी कशाला रडतेस? ती म्हणाली, "ताई, माझं डोकं दुखतंय."

पेपरातली ओरड विरली. कंपनीने खुलासा दिला, की सूचना म्हणजे नुसता मसुदा होता. आता पहिल्या पानावर दुसरंच काहीतरी आहे.

गुरुवार, २० मार्च

मधल्या मजल्यावर केबल बघायला गेले होते. हरकतरावांच्या जागी नवा माणूस आलाय, तरणाताठा, एका दमात जिना चढतो. त्याला चढताना बघितलं आणि पायच थांबले.

मशीन क्रमांक एक खाली आहे.

दिवसातून एकदा चढणारा आणि एकदा उतरणारा माणूस ऐन दुपारी खाली कशाला गेला? आणि परत चढला कसा? मी स्वतःच तर त्यांना म्हटलं होतं, खाली जा नाहीतर वर जा. मग इतके दिवस ते आपले कागद कसे मिळवत होते? हा प्रश्न मला आत्ता पडतोय. कार्ड चोरलं असेल कुणी. हिशेबवाल्यांपैकी कुणीतरी. आकडे बघितले असतील.

साहेबांकडे गेले. सांगितलं, की नोंदीवरून कार्ड कळतं, हात कळत नाही. साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"त्यांनी कबूल केलंय."

"हो, पण—"

"बाई, हे तुम्ही मला सांगताय? तुम्ही? कार्डावर भरवसा नसेल, तर आपण हे आणलं कशाला? आणि मग चौकशीत तुम्ही काय शपथेवर सांगितलंत? वरती तुमचं नाव गेलंय, बाकीच्या शाखांसाठी. विचार करून बोला."

मी विचार केला. बोलले नाही. ताठ मानेने आत गेले होते, बाहेर आले तेव्हा मला माझीच लाज वाटत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

बुधवार, २ एप्रिल

छोटीचा भाऊ गेला. पहाटे. ऑफिसात फोन तिनेच केला, आवाज अगदी कोरडा. "ताई, आज रिसेप्शनवर कुणाला तरी बसवा."

सोमवार, १४ एप्रिल

छोटीकडे भेटायला गेले. एकच खोली, अर्धी पलंगाने भरलेली, आणि आता पलंगावर कुणी नाही. ऑक्सिजनची नळकांडी कोपऱ्यात उभी होती, परत न्यायला माणूस यायचा होता. वहिनी भिंतीला टेकून बसलेली. धाकटं पोर पलंगाखालून चेंडू काढत होतं.

मी आत शिरले तर खुर्चीवर हरकतराव. हा माणूस इथे? छोटी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली होती, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती. ते तिच्या केसांवरून हात फिरवत होते आणि पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होते, "गप. गप पोरी. झालं ते झालं." मला बघताच त्यांनी हात मागे घेतला आणि काठी उचलली. ते उठून जिना उतरायला लागले. काठीचा आवाज, एकेक पायरी. किती वेळ येत होता.

दुःखात माणूस कुणाच्याही गळ्यात पडतं. तरी मी तिच्या जागी असते तर त्यांना दारात उभं केलं नसतं. ज्याने फाईल दाबून ठेवली—

नाही, हे मी चुकीचं लिहिलं. आता तर सर्वांना माहीत आहे, लांबवायला वरून सांगितलं होतं. सवयीने लिहिलं.

नव्या माणसाने भावाची फाईल शुक्रवारीच बंद केली. दावेदार मयत. वारसांनी नव्याने अर्ज करावा. वहिनीने मला विचारलं, "परत पहिल्यापासून सगळे दाखले?" मी हो म्हटलं.

शुक्रवार, २५ एप्रिल

ह्यांच्याशी भांडण झालं. जेवताना मी पुन्हा तेच उगाळत होते, कार्ड कुणी चोरलं असेल. ह्यांनी विचारलं, "खालच्या मशीनपाशी दिवसभर कोण बसतं?"

"छोटी. का?"

ह्यांनी वाटी पुढे केली. मला इतका संताप आला! काहीही सुचतं यांना. जी मुलगी मला ताई म्हणते, जिने हातांनी त्या कार्डांच्या फिती ओवल्या. आणि तिला माझ्यापासून लपवायचं काय कारण? मला सांगितलं असतं तिने. मी काय परकी आहे? मी ताट उचलून उठले. हे म्हणाले, "मी कुणाचं नावसुद्धा घेतलं नाही."

एक विचार मनात येतो. लिहीत नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

हरकतरावांच्या घरी गेले. ऑफिस सुटल्यावर सरळ, ह्यांनाही न सांगता. त्यांच्या पत्नीने दार उघडलं. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांनी दार तसंच अर्धं धरून ठेवलं. मग आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना."

खिडकीपाशी बसले होते. बारीक झालेत. मी म्हटलं, "तुम्ही जिना उतरला नव्हता. मला माहीत आहे. मी वर लिहून कळवते. चौकशी पुन्हा उघडायला लावते."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्या माणसाला मी आजवर इतकं घाबरलेलं बघितलं नव्हतं. खुर्चीचा हात घट्ट धरला त्यांनी.

"काही लिहायचं नाही."

"पण तुमच्यावर अन्याय—"

"बाई, मी जिना उतरलो. बसत बसत उतरलो आणि बसत बसत चढलो. तुमचं मशीन बरोबर आहे. समजलं? मशीन बरोबर आहे."

"मग तुमची पेन्शन? औषधपाणी? तुम्ही कसं—"

"ते माझं मी बघीन. माझं वय झालंय, मला कुणी नोकरी देणार नव्हतंच. ज्याचं वय झालेलं नाही त्याने जेलच्या पायऱ्या चढायच्या का?"

"कुणी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग पत्नीला म्हणाले, "बाईंना चहा दे आणि रस्त्यापर्यंत पोचव. अंधार पडायच्या आत घरी जातील."

चहा घेतला नाही. त्यांच्या पत्नी कोपऱ्यापर्यंत आल्या आणि तिथे फक्त एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तो प्रिंटर नेला नसतात तर बरं झालं असतं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर त्या वळल्या होत्या.

रात्री नाही, आत्ताच, आल्या आल्या लिहितेय. ते म्हणतात त्यांनीच केलं. तीनदा म्हणाले. आणखी काय हवं मला? माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा?

सोमवार, ५ मे

वरून पत्र आलं. ही व्यवस्था आता सगळ्या शाखांत बसवायची, आणि बसवणार मी. शिवाय नवा नियम : मुख्य कार्यालयाच्या सूचना यापुढे छापताच येणार नाहीत, फक्त स्क्रीनवर उघडतील आणि वाचून झाल्या की आपोआप बंद होतील. तशी सोय मीच करायची. साहेब पेढे द्यावेत तसा चेहरा करून उभे होते. मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचेना, आणि जे सुचत होतं ते म्हणायची छाती झाली नाही.

मधल्या मजल्यावरचा नवा माणूस झपाट्याने काम करतो. धुळीच्या आजाराच्या बऱ्याच फाइली त्याने निकालात काढल्या. निकालात म्हणजे बंद.

शुक्रवार, ९ मे

छोटी गेली. नोकरी सोडली आणि गावही. वहिनी आणि भाचरांना घेऊन वहिनीच्या माहेरी राहणार. तिथे शिवणकाम मिळेल म्हणते. नवा अर्ज केलाच नाही. "कशाला, ताई," म्हणाली.

मी बसस्टँडवर गेले होते. सामान थोडंसंच, दोन गाठोडी आणि पोरांची दप्तरं. बस लागलेली होती, ड्रायव्हर खाली उभा राहून बोलत होता. वहिनी पोरांना घेऊन आत बसली. छोटी माझ्यापाशी थांबली. तिने माझे दोन्ही हात धरले. हात थंडगार.

"ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. जायच्या आधी सांगायलाच हवं. मी त्यांना कितीदा म्हटलं, सांगते, पण ते शपथ घालतात. म्हणतात, पोरांकडे बघ. मला झोप येत नाही, ताई."

ती रडायला लागली. मला तिची इतकी दया आली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "काही सांगू नकोस. मला सगळं कळतं गं. भावाच्या आठवणीने होतं असं. तू काहीच चुकली नाहीस. जा, पोरं वाट बघतायत."

तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं. रडणं थांबलं होतं.

"तुम्ही खूप चांगल्या आहात, ताई," ती म्हणाली. "पण तुम्हाला काही सांगता येत नाही."

मग ती बसमध्ये चढली. खिडकीशी बसली होती, पण माझ्या बाजूला नाही.

मी हळवी आहे, म्हणून म्हणाली असेल. मला सांगितलं तर मीच रडत बसेन, असंच म्हणायचं असेल तिला. दुसरं काय असणार?

सोमवारी मला पहिल्या शाखेत जायचंय. तिथली माणसं कार्डांना विरोध करतायत म्हणे. साहेबांनी सांगितलंय, त्यांची समजूत तुम्हीच घाला, तुम्हाला जमतं.